पोहता न येणारा ड्रायव्हर

दारव्ह्याजवळच्या तांड्यावरचा देवसिंग आडे फौजेत चिलखती गाडी चालवायचा. गाडीला रणगाड्यासारखे पट्टे नव्हते, साधी रबरी चाकं होती. तिच्या पोटात रणगाडे फोडणारी क्षेपणास्त्रं असत. वरचं झाकण उघडलं की पाच नळ्या एकदम बाहेर येत. मारा करायचं काम शेजारी बसणाऱ्या हवालदार रामधनचं. देवसिंगनं गाडी जागेवर न्यायची आणि मारा झाला की तिथून काढायची, एवढंच.

सुट्टीवर आला की तांड्यावरचे लोक विचारत, "किती रणगाडे फोडले मंग?"

"एकबी नाही. मी ड्रायव्हर आहो."

ती गाडी पाण्यातही चाले. मागून जोरात पाणी फेकत ती होडीसारखी पुढं सरके. देवसिंगला मात्र पोहता येत नव्हतं. तांड्यावर उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं यायचं. पोहायला शिकणार कुठं? फौजेच्या परीक्षेत तो हौदाच्या उथळ बाजूनं तळावर चालत गेला होता आणि वरून नुसते हात मारले होते. गर्दीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

२००२ साली त्याची पलटण राजस्थानच्या सीमेवर महिनोन्‌महिने थांबून होती. लढाई होईल होईल म्हणता होत नव्हती. त्या काळात एकदा कालवा ओलांडायचा सराव होता. गाडी मधोमध गेली आणि देवसिंगच्या बुटांत पाणी आलं. तळाचं बूच कुणीतरी नीट आवळलं नव्हतं. पाणी उपसायचा पंप चालू केला, तरी पाणी गुडघ्यापर्यंत चढलं.

"देवसिंग, ऊपर से निकल," रामधन म्हणाला.

"आप चलिए, उस्ताद. मैं आया."

पाणी भरलं की गाडी सोडायची, असाच नियम होता. देवसिंग मागून येतोय असं समजून रामधन झाकणातून बाहेर पडला आणि पोहत काठाला लागला. देवसिंग जागचा हलला नाही. पाणी कमरेला लागलं तरी त्यानं इंजिनाचा जोर कमी केला नाही. शेवटी पुढची चाकं चिखलाला टेकली आणि गाडी पाणी गाळत वर चढली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक झालं. त्याच दिवसापासून जवान रामधनला 'मछली' म्हणू लागले. जेवणाच्या रांगेत कुणीतरी पोहल्यासारखे हात करी. रामधन ताट घेऊन एकटा बसे. देवसिंगला ते पाहवेना. तो कॅप्टनपुढं जाऊन उभा राहिला.

"साहब, हवालदार साहब ने ठीक किया. मैं इसलिए बैठा रहा कि मुझे तैरना नहीं आता."

"फिर परीक्षा कैसे पास की?"

"चल के, साहब."

कौतुक गेलं, शिक्षा झाली आणि गाडीही गेली. उरलेली नोकरी त्यानं पाण्याचा टँकर चालवला. शिक्षा झाली त्या संध्याकाळी रामधन चहाचा मग घेऊन आला. "पहले बोल देता तो गर्दन पकड़ के निकालता तुझे," एवढं बोलून तो बराच वेळ शेजारी बसून राहिला.

देवसिंग २००५ मध्ये पेन्शनवर घरी आला. कापसाचे ते वाईट दिवस होते. एक-दोन गावं सोडली की कुणीतरी गेल्याची बातमी असे. बाया फवारणीचं औषध कुलपात ठेवत. देवसिंग दारव्हा-दिग्रस रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवू लागला.

फौजेतली गाडी का सुटली, हे त्यानं बायकोला आता कुठं सांगितलं. सोनीबाईचं माहेर अरुणावतीच्या काठचं. म्हशींबरोबर नदीत पोहतच ती मोठी झाली होती. ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, "चला विहिरीवर."

वावरातल्या विहिरीला पायऱ्या होत्या. देवसिंगनं सदरा आणि चपला काठावर ठेवल्या. सोनीबाईनं त्याच्या पाठीला वाळका भोपळा बांधला आणि दोरी धरून ती खालच्या पायरीवर बसली. शेजारच्या वावरात रुपीबाई कापूस वेचत होती. तिला काठावरच्या चपला दिसल्या, माणूस दिसला नाही. तिनं हाक दिली. वावरावावरांतून लोक धावले. देवसिंगचा म्हातारा बाप किसनसिंग अनवाणी आला, थेट पायऱ्या उतरून पाण्यात शिरला आणि त्यानं पोराचं मनगट धरलं.

"काहून रे? मले सांगायचं नाही?"

"बा, पोहणं शिकून राह्यलो."

"मामाजी, दोरी माह्याच हातात आहे," सोनीबाई सासऱ्याला म्हणाली. "मी शिकवून राह्यली."

कुणी हसलं नाही. किसनसिंगनं भोपळा पाहिला, दोरी पाहिली, पण मनगट सोडलं नाही. फौजेत असताना बापाला आपली किती काळजी होती, हे देवसिंगनं कधी विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही. बाप सोडेपर्यंत तो तसाच पाण्यात उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी म्हातारा त्यांच्याआधीच विहिरीवर जाऊन बसला होता. पुढं तो रोज आला. दिवाळीपर्यंत देवसिंग भोपळ्याशिवाय विहिरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाऊ लागला. पोहणं ओबडधोबडच होतं. पाणी फार उडायचं. किसनसिंग वरून ओरडायचा, "हात लांब टाक." त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं.