फोल्डरला कुलूप लावून द्या, ताई

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच पिशवीत सीपीयू घालून येतात. डहाणू स्टेशनाबाहेर माझं असं दुकान आहे. विंडोज सेव्हन जाऊन टेन येत होतं त्या काळात तर जो तो एकच मागायचा, "ताई, फोल्डरला कुलूप लावून द्या." त्या कुलपांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे उघड्या वायरींनीही दिले नाहीत.

*

कासा बाजारातले एक सरकारी साहेब. "पासवर्ड लक्षात राहत नाही, म्हणून मी वेगळी युक्ती केलीय," म्हणाले आणि स्क्रीन दाखवली. मधोमध एक फोल्डर, नाव दिलेलं 'यात काही नाही'.

मी विचारलं, "घरात कुणी उघडलं का?"

"सगळ्यांनी," साहेब म्हणाले. "सासूबाईंनीसुद्धा."

*

घोलवडचे चिकूवाडीवाले शेठ. त्यांच्या घरी जाऊन पासवर्डचा चौकोन समोर आणला आणि मी पाठ फिरवली. "टाका शेठ, मी बघत नाही."

शेठ खिडकीशी गेले आणि वाडीकडे तोंड करून ओरडले, "सांभळे छे? ऐकतेस ना, पासवर्ड काय ठेवू?"

चिकू उतरवणाऱ्या गड्याने एक नाव सुचवलं, ते शेठाणींना आवडलं. कुंपणापलीकडून शेजारी म्हणाले, "पुढे एखादा आकडा घाला, पक्का होईल." मी हबकलेच. शेठ मात्र निवांत.

"आता विसरलो तरी फिकर नाही. कुणालाही विचारता येईल."

*

चिंचणीला सुक्या मासळीचे एक व्यापारी. त्यांचा कॉम्प्युटर सारखा तापून बंद पडायचा. मी गेले, तर टेबलावर मॉनिटर, कीबोर्ड, माउस. सीपीयूचा पत्ता नाही.

"कपाटात आहे," ते म्हणाले. लोखंडी कपाटाच्या पाठीला भोक पाडून वायरी आत नेलेल्या, पुढे हे एवढं कुलूप. मी खुर्चीत बसले आणि माउसने त्यांचा 'प्रायव्हेट' फोल्डर उघडून दाखवला.

त्यांनी उठून कुलूप दोनदा ओढून बघितलं. "पण हे तर लागलेलंच आहे!"

*

तलासरीच्या एका शिक्षिकाबाईंना मी फोनवर शिकवलं, फोल्डरची झिप करायची आणि झिपला पासवर्ड लावायचा. पुढच्याच आठवड्यात त्या रडकुंडीला आल्या. सासरच्या मंडळींवर केलेल्या त्यांच्या सगळ्या कविता नवऱ्याने वाचल्या होत्या.

जाऊन बघते तर कुलूपबंद झिप जागच्या जागी, आणि तिच्या शेजारी मूळ फोल्डर तसाच उघडा. "बाई, हा का नाही पुसला?"

"अहो, मी पासवर्ड विसरले असते म्हणजे?"

*

आणि बोर्डीचे गुरुजी. निवृत्त शिक्षक, शब्दाचे पक्के. एकुलत्या एका मुलीने जातीबाहेर लग्न केलं तेव्हा ते म्हणाले होते, "या घरात तिचं नाव निघणार नाही." ते निघालंही नव्हतं. मुलगी माझ्या वर्गातली, त्यामुळे मला हे ठाऊक होतं, आणि त्याचं वाईटही वाटायचं.

त्यांची हार्डडिस्क शेवटच्या घटका मोजत होती, म्हणून सीपीयू माझ्याकडे आला. पाठोपाठ गुरुजींचा फोन. "त्यात माझी एक झिप आहे. पासवर्ड मी स्वतः येऊन टाकीन. हिला कळता कामा नये."

दुपारी गुरुजींच्या बायकोचा, काकूंचा फोन, आवाज अगदी बारीक. "माझीपण एक झिप आहे गं त्यात. यांना कळलं तर मला या घरात राहणं कठीण होईल."

दोघं एकाच एसटीने आले. काकू भाजी घ्यायला गेल्या तेवढ्यात गुरुजींनी आपला पासवर्ड टाकला, त्यांचं सगळं मी नव्या डिस्कवर उतरवलं. मग गुरुजी पेपर आणायला गेले आणि काकूंनी टाकला. घाईघाईत मी काकूंचंही त्याच फोल्डरमध्ये टाकायला घेतलं. तोवर गुरुजी परत येऊन काउंटरशी उभे राहिले होते.

कॉपी मध्येच थांबली. या नावाची फाइल इथे आधीच आहे, स्क्रीन विचारू लागली; नवी ठेवायची, जुनी ठेवायची, की दोन्ही? फाइलचं नाव होतं 'चिनू आणि आई'. खाली दोन छोटे फोटो. दोन्हींत माझी तीच वर्गमैत्रीण, मांडीवर तेच बाळ.

काकूंनी टेबलाची कड घट्ट धरली. गुरुजींनी चष्मा चढवला आणि वह्या तपासताना करायचे तसं एकेका ओळीखाली बोट फिरवत सगळं वाचलं.

"दोन्ही राहू दे," ते मला म्हणाले.

मग काकूंकडे वळले. "माधवीनं तुला त्याच्या पहिल्या दाताचा फोटो पाठवलाय का?"