पट्टीवरचा सागर

केबल चॅनलवर काम केलेल्या माणसाकडं किस्से साचतात ते आमच्या ऑफिसातल्या टेपांसारखे. लेबल एकाचं, आत भलतंच. मी सांगताना हसतो. तुम्ही हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

*

दौंडला एस.वाय.ला कॉलेज सोडलं आणि रिक्षातून जयंतीच्या कार्यक्रमांची अनाउन्समेंट करत फिरत होतो. केबलवाल्या आप्पांनी आवाज ऐकला, ऑफिसात बोलावलं आणि हातात निधनाच्या सात बातम्या दिल्या. म्हणाले, ऐकणारा रडला पाहिजे, तू न्हाई. वाचल्या. काम पक्कं! मग त्यांनी नाव विचारलं.

"सिद्धार्थ भालेराव."

आप्पा बराच वेळ पेनाला टोपण लावत राहिले. संध्याकाळी बातम्यांच्या शेवटी पट्टी सरकली, 'आवाज : सागर'. मी जाब विचारला, तर म्हणाले, "वाढदिवसाच्या जाहिराती बंद व्हतील बाबा. तुझं नाव लावू पुढं कवातरी."

तालुक्यातल्या झाडून सगळ्यांच्या नातवांची नावं मी वाचत होतो. मला फक्त एक नाव पाहिजे होतं, माझं.

*

पडद्यावर बातम्या द्यायला एक रिटायर मास्तर बसायचे. चित्रांवरचा आवाज माझा. एकदा चहा पिताना खूश होऊन म्हणाले, "सागर, तुझा आवाज अगदी आपल्यातला वाटतो रे."

या माणसानं पस्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं होतं.

*

आमची टेप दुसऱ्या दिवशी एसटीनं शिरूरला जायची आणि तिकडच्या केबलवर लागायची. म्हणून इनामगावच्या एका मंडळानं 'सागरराव' यांचा सत्कार ठेवला. आप्पा मला घेऊन गेले. डोक्यावर फेट्याचे दोन वेढे पडले असतील, तेवढ्यात दौंडचा एक पाहुणा गर्दीतून कौतुकानं म्हणाला, "अरे, हा तर आपल्या भालेरावांचा सिद्धार्थ!"

मंडळाच्या अध्यक्षमामांनी घड्याळ बघितलं. उशीर झालाय, फेटा राहू द्या, म्हणाले. दोन वेढे सोडले. नारळ टेबलावर ठेवला आणि घ्या म्हणाले.

परतताना जीपमध्ये आप्पा मला समजावत होते, "बघ, मी काय उगं म्हणत व्हतो का?"

*

मोठा माणूस दवाखान्यात सिरियस झाला की त्याच्या निधनाची बातमी आधीच रेकॉर्ड करून ठेवायची, ही आमची पद्धत. भांडगावच्या एका आबांची टेप चुकून लागली. आबा बरे होऊन घरी, टीव्हीसमोर, भाकरी खात बसलेले.

सकाळी काठी टेकत ऑफिसात हजर. आप्पांना घाम फुटला. आबा शांतपणे खुर्चीत बसले. 'पश्चात' मध्ये धाकट्या जावयाचं नाव राहिलं म्हणाले, ते घालून परत वाचा, मला ऐकू द्या. मी वाचलं. आबा खूश.

"आवाज चांगला हाय. नाव काय रं तुझं?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पांनी सांगितलं, सागर. स्वतःच मारलेल्या माणसालाही त्यांनी खरं सांगितलं नाही.

*

माझे वडील रेल्वेत होते. घरात हा चॅनल त्यांनी कधी लावू दिला नाही. सागर नावाचं आपल्यात कोणी नाही, म्हणायचे. मीही एकदा सुनावलं, जन्मभर साहेबापुढं मान खाली घातलीत, मला काय शिकवता. त्यांच्याशी ते माझं शेवटचं बोलणं.

ते गेले. बातमी वाचायला दुसरं कोणी नव्हतं. मीच वाचली. "त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा सिद्धार्थ..." खाली पट्टी, 'आवाज : सागर'.

पाचव्या दिवशी फर्माइशीचा लाइव्ह कार्यक्रम होता. फोन करणाऱ्याला मी आधी सांगायचो, टीव्हीचा आवाज बारीक करा, नाहीतर घुमतं. एका बाईंचा फोन लागला. गाणं सांगायचं सोडून त्या म्हणाल्या, "सागरभाऊ, त्या दिवशी भालेरावांचं वाचताना तुमचा आवाज दाटला. कोण लागत होते तुमचे?"

काचेपलीकडं आप्पांनी हात हलवला. नको. मग तोच हात माझ्या माइकच्या बटणाकडं गेला.

"वडील," मी म्हणालो. "मी सिद्धार्थ भालेराव."

बाईंचा टीव्ही मागं मोठ्यानं चालू होता. फोनमधून माझं नाव घुमत परत आलं.

आवाज बारीक करा, असं मी त्यांना सांगितलं नाही.