पायांनी वल्हवणारा लॅक्लन

स्कॉटलंडातल्या लॉख दुव या तळ्याच्या काठी एके काळी कुजबूज होती, की लॅक्लन मॅकफेलनं ती आत बसून तरंगायची हवेची ट्यूब मासे धरायला घेतलीच नव्हती. तळ्याच्या पलीकडच्या काठाला ऊना राहायची, विधवा, अंगानं भरलेली. घरात एफीसारखी बायको असताना हा सत्तरीचा गडी ट्यूबमध्ये बसून, पाय मारत मारत तिच्याकडे गेला म्हणे. आणि दुसऱ्या दिवशी टपालाच्या बसमधून उतरला तो तिच्या मेलेल्या नवऱ्याची विजार घालून! डूगल जाऊन तीन वर्षं झाली होती, पण त्याची ती तपकिरी चौकड्यांची विजार गावात कोण विसरणार?

म्हातारचळ, दुसरं काय, असं म्हणून गाव मोकळं झालं.

लॅक्लनचं आयुष्य होडीत गेलं. साहेबलोक मासे धरायला यायचे, हा त्यांची होडी वल्हवायचा. हात बळकट आणि जीभ त्याहून. एखाद्याचा गळ मागच्या झाडात अडकला की म्हणायचा, "थांबा साहेब, झाडावरचे ट्राउट मासे अजून पिकायचेत." साहेब हसायचे. गावातली माणसं हसायची नाहीत, कारण त्यांना तो हेच पैसे न घेता ऐकवायचा. मच्छीमार क्लबचा चिटणीस रानल्ड तरुणपणी एकदा होडी वल्हवताना जागच्या जागी गोल फिरत राहिला होता. ती गोष्ट लॅक्लननं दारूच्या गुत्त्यावर वीस वर्षं सांगितली, आणि दर वेळी होडी एक फेरा जास्त फिरली.

मग लॅक्लनचा उजवा खांदा गेला. हात कानाच्या वर जाईना, वल्हं ओढवेना.

लॉख दुवला काठावरून मासेमारी होत नाही. काठ म्हणजे नुसती दलदल, माणूस कमरेपर्यंत रुततो. होडी हवीच, आणि होडीचा रिवाज ठरलेला: दोघं बसायचं, दुपारच्या भाकरीपर्यंत एकानं वल्हवायचं, नंतर दुसऱ्यानं. ज्याला पाळी घेता येत नाही त्याला सोबती मिळत नाही.

"लॅखी, माझ्या होडीत ये की," रानल्ड क्लबच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाला.

लॅक्लनचा चेहरा उजळला. "खरंच?"

"खरंच. मला होडीला नांगर हवाच आहे. तूही जड आहेस आणि काही कामाचा नाहीस. फक्त नांगर बोलत नसतो, तेवढं शीक."

खोली खो खो हसली. मासेमारी गेली तर लॅक्लनपाशी उरणार होती फक्त एफी, आणि हे एफीलाही माहीत होतं. "जा बाबा," ती म्हणाली, "बुडायचं तर बूड, पण दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात बसू नकोस."

म्हणून तो इन्व्हरनेस शहरात जाऊन ट्यूब घेऊन आला. दुकानात दोन प्रकारच्या होत्या. एक गोल, मोटारीच्या चाकासारखी, स्वस्त. दुकानदारीणच म्हणाली, "ही नको. उलटली तर आत अडकाल, पाय वर आणि डोकं खाली." त्यानं दुसरी घेतली, घोड्याच्या नालासारखी, पुढून उघडी. शिवाय बेडकासारखे चपटे रबरी पंजे पायात घालायला, आणि छातीपर्यंत येणारी रबरी विजार. "ही उलटी चालते हं," बाई म्हणाली. "पाठीच्या दिशेनं. आणि निघताना नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध निघा, म्हणजे दमल्यावर वाराच घरी आणील."

"बाई," लॅक्लन म्हणाला, "मी लॉखवर जन्म काढला. मला वारा शिकवू नका."

गावानं ट्यूबचं नाव बदक ठेवलं. क्लबनं अट घातली: धक्क्यावरून निघायचं, तळ्याच्या मधल्या खडकाला वळसा घालून कुणाच्या मदतीशिवाय परत धक्क्याला यायचं. जमलं तर ट्यूबला परवानगी. नाही जमलं तर बदकही बंद आणि लॅक्लनची मासेमारीही. "दिवस तूच निवड," रानल्ड म्हणाला. "उगाच आम्हाला दुष्ट म्हणायला नको."

लॅक्लननं निवडला तो धक्क्यामागून, डोंगराकडून वारा सुटलेला दिवस. जन्मभराची सवय! होडीवाले असेच निघतात. वाऱ्याच्या उगमाशी जायचं, होडी आडवी सोडायची, वाहत वाहत मासे धरायचे आणि संध्याकाळी वल्ही मारून परत. धक्क्यापाशी पाणी आरशासारखं होतं, कारण डोंगराचा आडोसा. पंजे घालून तो पाठमोरा पाण्यात उतरला, बसला, आणि धक्क्याकडे तोंड करून दूर जाऊ लागला. हसणारे चेहरे लहान होत गेले. त्याला फार बरं वाटलं.

आडोसा संपला तिथे वाऱ्यानं त्याला उचललंच. खडक कधी मागे पडला ते कळलं नाही. परतायचं तर धक्क्याकडे पाठ करून पाय मारायचे, म्हणून तो फिरला आणि जीव खाऊन पाय मारू लागला. समोर ऊनाचं पांढरं घर होतं. आता ते लहान व्हायला हवं होतं. आधी धुराडं दिसलं. मग खिडकी. मग दोरीवरचे कपडे. मग कपड्यांवरचे चिमटे.

ऊनानं गवताच्या दाताळ्यानं त्याला लव्हाळ्यातून ओढून काढलं. रबरी विजारीत पाणी भरलेलं, ओठ निळे, दात वाजताहेत. "मासा तरी आणायचास," ती म्हणाली. मग डूगलची विजार दिली, शेगडीपाशी बसवलं, आणि क्लबला फोन केला: "तुमचं माणूस माझ्याकडे वाळत घातलंय. बस सकाळी आहे. त्याच्या बायकोला कळवा."

रानल्डनं कळवलं. आधी गुत्त्याला, मग दुकानाला, मग चर्चच्या बायकांना. एफीला सगळ्यांत शेवटी.

एफीनं बसथांब्यावर विजार पाहिली. बहिणीकडे राहायला गेली ती गेलीच. क्लबनं ट्यूबवर बंदी घातली, आणि कारण सांगितलं गावाची अब्रू. लॅक्लन पुढे नऊ वर्षं जगला. त्यानं पुन्हा मासा धरला नाही, आणि ऊनाची गोष्ट कधी नाकारली नाही. गुत्त्यावर कुणी डोळा मारला की हासुद्धा डोळा मारायचा. वाऱ्यानं उडवलेलं बदक होण्यापेक्षा रंगेल म्हातारा होणं त्याला परवडलं.

खरं असं, की पाय मारून जमेना तेव्हा लॅक्लन पुन्हा धक्क्याकडे तोंड करून वळला होता आणि धड असलेला डावा हात वर करून ओरडला होता, "मी हरलो, होडी आणा." धक्क्यावर चौघं होते, होडी बांधलेली होती. रानल्डनं दुर्बिणीतून त्याचे ओठ पाहिले आणि तो काय म्हणतोय ते इतरांना सांगितलं. चौघांनीही हात हलवून त्याला निरोप दिला आणि आत चहा प्यायला गेले.