डांबराच्या कडेचे रोही

जनावरं मोजायच्या कामात जनावरं कमी अन् किस्से जास्त सापडतात. सेनगावकडं पिकं फस्त करणारे रोही, म्हणजे नीलगाई, मोजायला आम्ही तिघं होतो. देशमुख सर, जीप चालवणारा रहीम अन् मी. जिथं रोही जास्त निघतील तिथं आधी तारेचं कुंपण मिळणार होतं, म्हणून मला सगळ्यांचाच संशय. सर म्हणायचे, "तू तर चहासुद्धा हुंगून पितोस."

पहिल्याच आठवड्यात नकाशावर ठिपके टाकले, तर सगळे रोही डांबरी रस्त्याच्या कडेला! मी रहीमला आडवं घेतलं, आतल्या रानात गाडी का नेत नाहीस म्हणून. तो शांतपणे म्हणाला, "साहब, गाडी चिखल में फसी तो रोही धक्का देने आयेगा क्या?"

सरांनी मलाच गप्प बसवलं.

मग नोंदी बघून सर म्हणाले, इकडं रोही कळपानंच राहतात. म्हटलं, कळप लांबून दिसतो हो, एकटा रोही तुरीत उभा असला तर दिसणार कसा? "दिसलं नाही ते लिहायचं कसं?" सर म्हणाले. मला नुसता राग आला.

जवळा बाजारला बाजाराच्या दिवशी टेबल मांडलं. ज्याचं नुकसान झालं त्यानं येऊन सांगावं. जो येई तो नुकसानीचाच! सर खूश. ज्याचं काही गेलं नाही तो बाजार सोडून इकडं कशाला मरायला येईल? त्यात एक सलूनवाला निघाला. जमीन बोटभर न्हाई. काहून आलास म्हटलं, तर म्हणे, "पीक गेलं की गिऱ्हाईक दाढी वाढवून फिरतंय. नुकसान माझं न्हाई का?"

सरांनी त्यालाही नुकसानीत धरलं.

पुसेगावच्या मागं ओढ्यापलीकडं कौसाबाईचं तुरीचं रान. तिथं जीप जात नाही, म्हणून नकाशावर ती जागा कोरी. आपलं कुंपण हुकणार या धास्तीनं ती सारखी येऊन म्हणायची, रोज कळप येतो, एकदा डोळ्यानं बघा. सर आज-उद्या करत राहिले. शेवटी मी भांडून त्यांना चालत नेलं.

बांधावर बसून आम्ही लांब ओढ्याकडं जनावरं शोधत राहिलो. एक रोही दिसेना. सर माझ्याकडं बघून हसले. खरं सांगतो, मलाही बाईचाच संशय आला. विचारलं, "मावशी, कुठंय तुमचा कळप?"

तिनं पायाशी पसरलेल्या रानाकडं हात केला. तुरीचे नुसते खुंट उभे होते.

"आता काहून येतील, बाबा? ऱ्हायलंय काय?"

सरांनी नकाशा मांडीवर घेतला अन् त्या कोऱ्या जागेत शून्य लिहिलं.