घड्याळजींचा हलका हात

एखादी वस्तू बंद पडली की घड्याळजींना वाईट वाटण्याआधी आनंद व्हायचा, कारण ती उघडून बघायला मिळायची. रेडिओ, पंखा, शेजारणीचं शिवणयंत्र, सगळ्यांची पोटं त्यांनी पाहिली होती. घड्याळदुरुस्तीचं दुकान मुलाच्या हाती दिल्यावर तर त्यांना रानच मोकळं मिळालं.

त्यात बायकोची पाव पोचवायची गाडी तापून बंद पडली. मेकॅनिक म्हणाला, यात आता राम नाही. घड्याळजींनी घरच्या गॅरेजमध्ये इंजिन उघडलं, वरचा भाग घासूनपुसून लख्ख केला, जोडातली फट बुजवणारं नवं गॅस्केट घातलं आणि बोल्ट आवळले. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि जोडातून पाणी गळायला लागलं. पुन्हा उघडलं, पुन्हा नवं गॅस्केट घातलं, पुन्हा पाणी!

"आता पुरे," बायको म्हणाली. "उद्या सकाळी भंगारवाला येतोय."

गाडी गेली की पाव दुकानांत पोचणार नाहीत, आणि पाव पोचले नाहीत की तिची भट्टी बंद.

चुकलं कुठे, हे कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागेना. बोल्ट तर मधून बाहेर, समोरासमोरचे आलटून पालटून, टप्प्याटप्प्यानेच आवळले होते. मग त्यांनी शेजारच्या ट्रकवाल्याकडून टॉर्कपाना मागून आणला. ठरवलेला जोर लागला की हा पाना 'टक्' असा वाजतो. आपणच आवळलेल्या बोल्टला लावून त्यांनी तो ओढला. बोल्ट फिरला. आणखी फिरला. टक् काही येईना. त्यांनी घाबरून हात काढून घेतला.

"काय झालं?" बायकोने दारातून विचारलं.

"तुटेल गं! हाताला कळतं ना."

"अहो, तुमच्या हाताला तांदळाएवढे स्क्रू कळतात. हा अंगठ्याएवढा आहे. त्याला गोंजारून कसं चालेल?"

घड्याळजी आधी रागावले, मग स्वतःवरच हसत सुटले. जन्मभराचं कौशल्यच आडवं आलं होतं की!

शेवटचं गॅस्केट उरलं होतं. ते बसवून बोल्ट पुन्हा क्रमाने लावत आणले. शेवटच्या टप्प्याला बायकोने पदर खोचला आणि पाना ओढला. टक्. पुढचा. टक्.

"थांब, मला बघू दे." घड्याळजींनी तिच्या हातावर हात ठेवला. तिने ओढलं तसा तिचा दंड दगडासारखा घट्ट झाला.

"एवढा जोर लागतो?"

"पीठ मळायला याहून जास्त लागतो. रोज."

घरातली प्रत्येक वस्तू त्यांनी कुतूहलाने उघडून पाहिली होती. या हाताबद्दल मात्र कधी साधी चौकशीही केली नव्हती. त्यांना फार लाज वाटली. शेवटचा बोल्ट त्यांनी मागून घेतला, डोळे मिटले आणि तोच जोर आठवत ओढला. टक्.

गाडी गल्लीबाहेर जाऊन परत आली. इंजिनाखाली पसरलेला कागद कोरडा राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे घड्याळजी बाह्या सरसावून भट्टीवर हजर. "आज मी मळतो."

"मळा. पण गोंजारू नका हो!"

भंगारवाला आला तेव्हा बायको गाडी घेऊन पाव पोचवायला गेली होती. घड्याळजींचे हात इतके भरून आले होते की दाराची कडी काढवेना. त्यांनी त्याला खिडकीतूनच परत पाठवलं.