कानातलं पाणी

आबा मान एका बाजूला कलती करायचे, एका पायावर हलकेच उडायचे आणि तळहाताने कानावर थाप मारायचे. पोहून वर आलेला माणूस कानातलं पाणी काढतो ना, अगदी तसं. फरक एवढाच, की त्या वेळी ते शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या उंबऱ्यावर, कोरड्या धोतरात उभे असायचे आणि माझी आई त्यांना काहीतरी बजावत असायची.

"कानात पाणी गेलंय बघ. काय ऐकू आलं न्हाई."

एवढं बोलून आजोबा चपला सरकवायचे आणि निघून जायचे. आई हातातलं लाटणं घेऊन दारापर्यंत यायची आणि रिकाम्या बोळाला उरलेलं ऐकवायची.

तुम्ही त्या काळात पेठेत राहिला असाल, तर हा म्हातारा तुम्ही पाहिलाच असणार. खांदे दाराएवढे, पाय मात्र काटकुळे. चालताना हात असे मागे टाकायचे, जणू हवाच बाजूला सारत चाललेत. पोटासाठी त्यांनी शाहूपुरीच्या बाजारात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलल्या, पण विचारलं की सांगायचे, "मी पवणारा." तरुणपणी नदीतल्या शर्यती त्यांनी मारल्या होत्या. आमच्या घरातलं प्यायचं पाणी ज्या तांब्याच्या घागरीत असायचं, ती त्यांच्या बक्षिसाची. आई ती चिंचेने घासताना म्हणायची, "बक्षीस मामंजींचं आणि घासायचं माझ्या नशिबी."

निम्म्या पेठेला त्यांनी पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकवलं. पोराच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि द्यायचं ढकलून. एकदा एक साहेब आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा पाण्यात, साहेब पायरीवर, आणि साहेबांचा जीव टांगणीला.

"अहो, बुडेल तो! धरा त्याला!"

आबा म्हणाले, "पावणं, तुमी जरा तिकडं तोंड करून बसा बघू. पोरगं पाण्याला भ्यालेलं न्हाई. तुमच्या तोंडाकडं बघून भ्यायलंय."

साहेब देवळाकडे तोंड करून बसले. पोरगं तरलं.

हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण अशा माणसाच्या घरात राहून बघा. पावसाळा आला की आमच्या घरात कुणी नीट जेवत नसे. कारण नदीला पूर आला, घाट बुडाला, देवळांची नुसती शिखरं पाण्यावर राहिली, की आबा नदीत उतरायचे. पोहत जाऊन मधल्या शिखराला हात लावायचा आणि परत यायचं. दर वर्षी. विशीत असताना, आणि साठी उलटल्यावरसुद्धा.

त्याची एक रीत होती. आधी आज्जीने नदीची ओटी भरायची. पुराला आमच्याकडे बायका ओटी भरतात, खण, तांदूळ, नारळ. आज्जीने नारळ पाण्यात सोडला की आबा तो कुठल्या अंगाने जातोय, किती वेगाने जातोय, ते डोळे बारीक करून बघत राहायचे. मग सदरा काढून तिच्या हातात द्यायचे आणि शिरायचे. ते परत येईपर्यंत आज्जी सदरा छातीशी धरून उभी. मी तिचा पदर धरून. तिची बोटं त्या सदऱ्यात रुतलेली मला अजून दिसतात. माघारी आल्यावर आबा एका पायावर उडत कानातलं पाणी काढायचे आणि आज्जी तेवढं एकच वाक्य बोलायची, "झालं समाधान?"

मी कॉलेजात असताना आज्जी गेली. त्या वर्षी पूर आला तेव्हा आबांनी आईला विचारलं, "ओटी भराय कधी जायचं?"

"मी न्हाई भरणार."

"का गं?"

"मी भरली की तुमी उतरणार. मला काय कळत न्हाई व्हय?"

डॉक्टरांनी तोवर छातीचं दुखणं सांगितलं होतं, थंड पाण्याचं नाव काढू नका म्हणून. आबांनी त्यांच्यासमोरही कानावर थाप मारली होती. पण ओटी भरल्याशिवाय ते पाण्यात पाय घालणार नाहीत, हे आईला पक्कं ठाऊक होतं. बाकीच्या बायका देवाला नवस बोलतात आणि ही ओटी न भरता सासऱ्याला राखते, म्हणून शेजारणी बोलायच्या. आई ढिम्म.

माझ्यावरही एक काम होतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. झाले तेव्हा आबांनी गल्लीभर पेढे वाटले होते आणि पेढा देताना प्रत्येकाला "आमची पोरगी बीकॉम" असं सांगितलं होतं, जणू ते माझं आडनावच. त्यांचे डोळे अधू झाल्यावर पेपर वाचून दाखवायचा मान माझा. पावसाळ्यात ते आधी विचारायचे, "बंधाऱ्यावर पाणी किती?" मी दोन-तीन फूट कमी करून सांगायची.

ते ऐकून घ्यायचे. मग शांतपणे म्हणायचे, "चिखलीचा दूधवाला आज आला न्हाई. पाण्यानं रस्ता धरल्याबिगर तो चुकत न्हाई. एक तर पेपरवाला खोटं छापतोय, न्हाईतर बीकॉम खोटं वाचतीया."

अशी वर्षं गेली. माझं लग्न झालं, शाहूपुरीत सासर मिळालं, तिथल्याच एका ऑफिसात हिशेबाची नोकरी लागली. पण आभाळ भरून आलं की माझा हात फोनकडे जायचा. "आई, आबा कुठं हायत?" "हायत की, खुर्चीत." तरी तासाभराने मी पुन्हा फोन लावायची.

मग तो मोठा पूर आला. निम्मं शहर पाणी बघायला लोटलं होतं. भर दुपारी ऑफिसच्या दारात आबा उभे. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, पेठेतून भिजत चालत आलेला, घोंगड्याखाली पिशवी. पिशवीत खण, तांदूळ, हळदकुंकवाच्या पुड्या आणि नारळ.

"चल. तुझं लगीन झालंय, तुला चालतंय."

"आबा, मला सुट्टी नाही."

"तासाभराचं काम. बीकॉमला एवढी सुट्टी देत न्हाईत व्हय?"

मी घरी फोन लावला. आई घाबरून एवढंच म्हणाली, "तू जा त्यांच्यासंगं. पण त्यांचा हात सोडू नगंस."

मी त्यांचं मनगट धरलं ते रिक्षात बसल्यावरही धरून ठेवलं. गंगावेशीच्या पुढे पाणी रस्त्यावरच आलं होतं. लोक भाजलेली कणसं खात पूर बघत होते. बायका ओट्या घेऊन पाण्याच्या कडेला वाकल्या होत्या. आणि लांब, तांबड्या पाण्यात मधल्या शिखराचं नुसतं टोक दिसत होतं.

आबांनी शिकवलेली पोरं आता बाप्ये झाली होती. त्यातला एक पाण्यातूनच ओरडला, "आबा! आज उतरणार का?"

"बघू की," आबा म्हणाले, आणि मनगट माझ्या हातात असतानाच दुसऱ्या हाताने सदऱ्याची बटणं काढायला लागले.

"आबा, नको."

"तू तुझं काम कर. भर ओटी."

मी एका हाताने पिशवी उघडू लागले.

"एका हातानं ओटी भरत्यात व्हय गं? तुझी आज्जी दोन्ही हातानं भरायची. सोड."

मी तरी काय करणार होते? मी हात सोडला. हळदकुंकू वाहिलं, खण वाहिला, तांदूळ वाहिले. नारळ ओंजळीत घेतला आणि माझी ओंजळ उघडेना. तो सोडला की झालं, पुढचं माझ्या हातात नाही. मागून आबांनी ओला सदरा माझ्या खांद्यावर टाकला. नारळ सुटला.

तो भिंगरीसारखा फिरला, आडवा ओढला गेला आणि बघता बघता दिसेनासा झाला. आबा माझ्या शेजारी गुडघाभर पाण्यात उभे होते. उघडी छाती, पांढरे केस, खांदे अजून तेवढेच रुंद. डोळे बारीक करून ते नारळ गेला त्या बाजूला बघत राहिले. सदरा मी छातीशी धरलाय, हे मला नंतर कळलं.

"आबा," मी म्हणाले, "घरी चला."

आता मान कलती होणार, आता कानावर थाप पडणार, याची मी वाट बघत राहिले.

आबांनी तोंड माझ्याकडे वळवलं.

"ऐकलं गं," ते म्हणाले. "लई ओढतंय. चल."

मी त्यांना सदरा घातला. बटणं त्यांना लावता येईनात. ती मीच लावली. पाण्यातला तो बाप्या हात हलवत होता. आबांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

घरी आईने आनंदाने शिरा केला. माझा ताटात तसाच राहिला. इतकी वर्षं आबा ऐकत नाहीत म्हणून आम्ही घाबरत होतो. त्या दिवसापासून ते सगळं ऐकायला लागले. गोळी घ्या म्हटलं की घ्यायचे. कानटोपी घाला म्हटलं की घालायचे. बंधाऱ्यावर पाणी किती, हे विचारणं बंद झालं. मी आपण होऊन खरा आकडा सांगितला, तरी "असंल" म्हणायचे.

आई कासावीस झाली. मुद्दाम भांडण उकरून काढायची, उंबऱ्यात अडवायची, बजावायची आणि थांबून बघायची. एकदा तिला राहवलं नाही.

"मामंजी, कानात पाणी गेलं न्हाई का आज?"

"न्हाई गं बाई," आबा म्हणाले. "कोरडा हाय."

त्याच थंडीत ते गेले, झोपेत. पोहायला शिकलेली निम्मी पेठ आमच्या बोळात उभी होती. सोप्यात त्यांना पाटावर बसवलं, दोघांनी मागून धरलं आणि माझ्या बाबांनी बक्षिसाच्या घागरीतलं पाणी डोक्यावरून ओतलं. मान आपोआप एका बाजूला कलली.

सगळे उचलायला पुढे झाले, तेवढ्यात आई म्हणाली, "थांबा."

ती खाली बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि तिने आबांचे दोन्ही कान सावकाश कोरडे केले.