डोळे मिटलेला कॅमेरा

फुलंब्रीहून शहरात येणाऱ्या सकाळच्या काळीपिवळीत ती मावशी रोज ड्रायव्हरच्या पाठीमागं बसायची. मांडीवर मेथीच्या जुड्यांचं गाठोडं, पदराचं टोक दातात आणि डोळे मिटलेले. नाव मी कधी विचारलं नाही.

वेग मोजणारा कॅमेरा दिसला की आमचा ड्रायव्हर नवरदेवाच्या घोड्यासारखा चालायचा. कॅमेऱ्याचा खांब मागं पडला की गाडी उधळलीच! मग मावशी डोळे न उघडताच ओरडायची, "कॅमेरा आला रे!" तो दचकून ब्रेक दाबायचा.

एकदा मी हळूच म्हणालो, "मावशी, कॅमेरा तर मागंच गेला की."

"व्हय. त्यो खांबाला बांधलेला हाय, त्याला कुठं संगं येता येतंय? म्हणून मी येते," ती म्हणाली.

कॅमेऱ्यांनी रस्ते सुरक्षित होतात का, यावर आम्ही ऑफिसात तावातावानं भांडतो. परवा मावशी आली नव्हती, म्हणून तिच्या जागेवर मी बसलो. खांब मागं पडला, गाडी सुसाट निघाली. मी समोरचा दांडा घट्ट धरला.

ड्रायव्हर आरशातून माझ्यावरच खेकसला, "अहो सर, वरडा की! मावशीच्या जागेवर काय उगंच बसलात?"